सही आणायला चिखलदऱ्याला

चिखलदऱ्याला लोक थंड हवा खायला जातात, रबडी खायला जातात, नशीब जोरावर असेल तर अस्वल बघायला जातात. मी गेले होते एका कागदावर सही आणायला. कागदावर एकच ओळ होती: ‘सदर विद्यार्थिनी प्रत्यक्ष क्लायंटसोबत बसण्यास योग्य आहे.’ खाली उजव्या कोपऱ्यात सहीसाठी एक रिकामा चौकोन. तो चौकोन भरून आणायला एकोणपन्नासाव्या वर्षी मी मेळघाटच्या डोंगरावर सहा दिवस राहून आले. अस्वल दिसलं नाही. त्याला मी दिसले असेन तर त्यानंच रस्ता बदलला असणार.

आधी हे प्रकरण काय ते सांगते. भाईंदर पूर्वेच्या एका शाळेच्या ऑफिसात मी बावीस वर्षं खिडकीमागे बसले. दाखला न्यायला आलेली माणसं दाखला घेऊन जात नाहीत, थांबतात. नवऱ्याचं सांगतात, सासूचं सांगतात, मुलगा रात्री झोपत नाही ते सांगतात. मी प्रत्येकाला सल्ला दिला. न मागता दिला, हिंदीतून दिला, मोडक्या गुजरातीतूनही दिला. मग कुणीतरी म्हणालं, याचं रीतसर शिक्षण असतं. शनिवार-रविवारी चालणाऱ्या एका कॉलेजात मी समुपदेशन मानसशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं.

आमच्या ह्यांची पहिली प्रतिक्रिया अशी होती, “तू काउन्सेलिंग शिकणार? अगं, समोरच्याला तू शिंक तरी पुरी करू देतेस का?”

जेसल पार्कच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर हंसाबेन राहतात. त्या रिकामा डबा परत द्यायला आल्या होत्या. “सुनीताबेन, आप पागलों का डॉक्टर बनेगा?” मी त्यांना उंबऱ्यातच अर्धा तास समजावलं, की डॉक्टर वेगळे, क्लिनिकलवाले वेगळे, आम्ही वेगळे. शेवटी त्या म्हणाल्या, “अच्छा अच्छा, मतलब जो आप अभी करता है, उसका सर्टिफिकेट मिलेगा.” हे मला फार आवडलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

कारण शेवटच्या वर्षाला नियम असा, की खऱ्या माणसांसमोर बसण्याआधी चिखलदऱ्याचं सहा दिवसांचं निवासी शिबिर करायचं आणि त्या चौकोनात सही मिळवायची. सही नाही तर प्रॅक्टिकम, म्हणजे खऱ्या क्लायंटसोबतचा सराव, नाही; प्रॅक्टिकम नाही तर डिग्री लटकली. आणि मी तर गोडदेवच्या भाजीवालीपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगून बसले होते, की दिवाळीनंतर काउन्सेलर होतेय.

फॉर्म प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, फोल्डर दुसऱ्या प्लास्टिकमध्ये, आणि ते सगळं उशीच्या अभ्र्यात घालून मी निघाले.

परतवाड्याहून वर

रात्रीची गाडी, बडनेरा, अमरावती, यातलं काही सांगत नाही. सगळ्या गाड्या सारख्याच हलतात. परतवाड्याला मात्र उतरून गिला वडा खाल्ला. आपल्याकडच्या मेदूवड्याचा हा भाऊबंद, पण दह्याचटणीत पार भिजवून देतात. मी दुसरी प्लेट मागितली तेव्हा शिबिरातली माझी रूममेट ऋतुजा म्हणाली, “काकू, पुढे घाट आहे.” ती तेवीस वर्षांची. मी म्हटलं, “अगं, मी वसईच्या एसटीतून पोरं सांभाळत गेलेली बाई आहे.” घाटातल्या चौथ्या वळणावर तिनं माझ्यापुढे पिशवी धरली.

वर पोचलो तर समोर काहीच नव्हतं. सप्टेंबरचं धुकं. दरी आहे म्हणाले, दिसली नाही. तळं आहे म्हणाले, तेही नाही. आमच्याकडे खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगमधली बाई कोणती डाळ निवडतेय ते कळतं. इथं हात लांब केला तर स्वतःच्या बांगड्या दिसेनात. मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीमागे, तीही एका दगडावर उभं राहिलं तर.

ऋतुजाला पुढे क्लिनिकलला जायचं होतं. म्हणजे आणखी दोन वर्षं, मोठ्या हॉस्पिटलात, गंभीर आजारांची निदानं, चाचण्या, वॉर्ड. त्याची प्रवेश परीक्षा डोक्यावर होती, म्हणून ती आंघोळीला जातानाही पुटपुटत जायची. आमची खोली म्हणजे दोन काळज्यांचं एक वसतिगृह होतं. ती प्रवेशाच्या जागांची काळजी करायची, मी माझ्या चौकोनाची.

पहिली टेप

शिबिर चालवणाऱ्या वानखडे मॅडम सरकारी मनोरुग्णालयातून निवृत्त झालेल्या. सत्तरीच्या आसपास, सुती साडी, त्यावर पुरुषी स्वेटर. बोलायच्या इतकं कमी, की मला वाटलं त्यांना घशाचा त्रास आहे. मी पहिल्याच संध्याकाळी त्यांना ज्येष्ठमध देऊ केलं.

दुसऱ्या दिवशी जोड्या लावल्या. एकानं खरी, पण लहानशी अडचण सांगायची, दुसऱ्यानं ऐकायचं, सगळं रेकॉर्ड करायचं. ऋतुजा सांगणारी, मी ऐकणारी. ती म्हणाली, “मला परीक्षेची भीती वाटते.” मी सुरू झाले. माझ्या धाकट्याची दहावी, पहाटे उठण्याचे फायदे, बदाम, भावाचं सीए. पंधरा मिनिटांनी मी थांबले, तेव्हा मला खूप मोकळं वाटत होतं.

मग टेप सगळ्यांसमोर लावली. स्वतःचा आवाज ऐकणं एरवीही शिक्षाच असते. हा तर स्टेशनावरच्या उद्घोषणेसारखा अखंड चालू होता. मधे एकदा ऋतुजा “पण काकू…” म्हणालेली ऐकू आली. टेप संपल्यावर मॅडमनी चष्मा काढला.

“सुनीताताई, हिला कशाची भीती वाटते?”

“परीक्षेची.”

“ते तिनं पहिल्या वाक्यात सांगितलं. नंतर?”

नंतरचं मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, कारण नंतर मी होते.

“तिला धीर देऊन राहिल्या होत्या,” मॅडम हळूच म्हणाल्या, “की तिची भीती तुम्हाला सहन होत नव्हती?”

शेवटची, सहीची टेप गुरुवारी दुपारी तीन वाजता होती. गावातली काही माणसं दर शिबिराला स्वखुशीनं येतात, त्यांच्यापैकी एकासोबत. म्हणजे बोलणं थांबवायला मला दोन दिवस होते. लोक बारा-बारा वर्षं मौनाचा सराव करतात.

स्वयंपाकघरात

त्या संध्याकाळी मी पळाले ते थेट स्वयंपाकघरात. घाबरलेली बायको, सून, आई, सगळ्या तिथंच जातात. तिथं शिबिराचा स्वयंपाक करणाऱ्या पंचफुलाबाई पातोड्या वळत होत्या. हे त्यांचं खरं नाव नाही. हे लिहायचं ठरलं तेव्हा फोन करून परवानगी विचारली, तर म्हणाल्या, “लिवा. पन नाव फुलाचं ठेवजा.”

बेसनाच्या वड्या आणि झणझणीत रस्सा. आपल्याकडे थापीव वड्या श्रावणात कोरड्या खातात, नारळ-कोथिंबीर भुरभुरवून, जणू मिठाई. इथं त्याच वड्या लाल तर्रीत बुडवतात आणि खाणाऱ्यालाही. मी एक घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं.

“काऊन जी ताई, रडता का?”

“नाही हो. तिखट.”

“तिखट कुठी हाय? मॅडमनं बोललं असन.”

इतकी माया कुणी दाखवली की मी संपते. ओट्यापाशी बसून लसूण सोलत मी सगळं सांगितलं, आणि मान राखायला शेवटी जोडलं, “म्हणजे तशी मी आता काउन्सेलरच होतेय.” पंचफुलाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर बसल्या. दाखल्याच्या खिडकीपुढे माणसं थांबतात तशा.

“मंग तुमालेच इचारते. मायी पोरगी, पूनम. अमरावतीले नर्सिंग शिकते, होस्टेलात रायते. आठ दिस झाले, माया फोन उचलत नाई. मेसेज टाकते, ‘आई मी ठीक आहे’. ठीक हाय त बोल ना बाप्पा! का करू?”

यानंतर काय विचारायचं ते आम्हाला आदल्याच दिवशी शिकवलं होतं. ‘तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?’ किंवा नुसतं ‘हं’. मी म्हटलं, “वॉर्डनला फोन लावा. आत्ताच्या आत्ता. लपवाछपवी चालू असेल तर कळेल. मुलींच्या बाबतीत अशी ढिलाई चालत नाही.”

“वार्डन लय कडक हाय.”

“मग चांगलंच आहे. आमच्यात असंच सांगतात.”

‘आमच्यात’! कोण आम्ही? पंचफुलाबाईंनी मान हलवली, जशी डॉक्टरच्या चिठ्ठीला हलवतात. पाणी न्यायला आलेली ऋतुजा दारात उभी होती. तिनं भांडं भरलं आणि गेली. त्या रात्री मला शिबिरातली पहिली चांगली झोप लागली.

गुरुवार

सकाळी नाश्ता नव्हता. चहासुद्धा नव्हता. पंचफुलाबाई टाकीमागच्या दगडावर उभ्या होत्या, फोन कानाला, दुसरा कान बोटानं बंद.

त्यांनी आदल्या दुपारी वॉर्डनला फोन केला होता. वॉर्डननं पूनमला सगळ्या मुलींसमोर बोलावून झापलं. मग पूनमनं आईला एक मेसेज टाकला, ‘तुला हेच करायचं होतं ना’, फोन बंद केला आणि आज पहाटे होस्टेलातून बॅग घेऊन गेली. कुठे, ते कुणालाच माहीत नाही.

“तुमीनं सांगतलं म्हून म्या केला फोन,” त्या म्हणाल्या. रागानं नाही, नुसतं सांगितलं.

नर्सिंगची एकोणीस वर्षांची मुलगी, बंद फोन, बॅग. आपलं डोकं अशा वेळी किती वेगानं आणि कुठे कुठे जातं, ते आई असलेल्या माणसाला सांगायला नको.

मॅडमनी तोवर होस्टेलला, पूनमच्या मैत्रिणींना, पोलिस ठाण्यातल्या ओळखीच्या बाईंना फोन लावले होते. त्यांना वाटत होतं, पंचफुलाबाईंनी घाबरून आपल्या मनानंच वॉर्डनला गाठलं. माझं नाव कुणीच घेतलं नव्हतं. पंचफुलाबाईंनीसुद्धा.

खोलीत ऋतुजा म्हणाली, “काकू, तीन वाजता तुमची टेप आहे. सही झाली की सांगा ना. आत्ता सांगून ती मुलगी सापडणार आहे का?”

“नाही.”

“मग?”

तिचं बरोबर होतं, हीच पंचाईत होती. मी दगडावर जाऊन ह्यांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे कुकरची शिटी झाली, मग हे म्हणाले, “तू काही खाल्लंस का?”

“अहो, मी काय विचारतेय!”

“सांगतेस की नाही सांगत, हे मला काय विचारतेस? सांगायचं नसतं तर फोन केला असतास का?” रेंज गेली. पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदाच काही शहाणपणाचं बोलला आणि तेही अर्धं.

मॅडमच्या खोलीत मी उभ्यानंच सांगितलं. वॉर्डनचं, ‘आत्ताच्या आत्ता’चं, ‘आमच्यात’चं. मॅडम ऐकत राहिल्या. टेबलावरचं घड्याळ ऐकू येत होतं. ही बाई मला थांबवत का नाही, असं वाटायला लागलं. मग कळलं, मी केव्हाच थांबले होते.

“तिनं सल्ला कुणाकडून घेतला?” त्यांनी विचारलं. “लसूण सोलणाऱ्या बाईकडून, की काउन्सेलरकडून?”

“काउन्सेलरकडून. मीच तसं सांगितलं होतं.”

“शेजारणीचं न ऐकण्याची मोकळीक असते. तुम्ही ती तिच्याकडून काढून घेतली.” एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “आज टेप नाही करायची तुम्ही. पंचफुलाजवळ जाऊन बसा. हे जे मला सांगितलं, ते तिला सांगा. माफी मागा. आणि मग बसून रहा.”

“तिला काय सांगू? म्हणजे, धीराचं?”

“काही नाही.”

गेटापाशी

फाटकाजवळच्या ओट्यावर पंचफुलाबाई बसल्या होत्या. परतवाड्याहून येणारी एसटी तिथून दिसते, म्हणजे धुकं नसेल तर दिसते. मी म्हटलं, “मी काउन्सेलर नाहीये. शिकतेय. तुम्हाला खोटं मोठेपण दाखवलं. मला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं. माझं चुकलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पोरगी हाय का तुमाले?”

“दोन मुलगे.”

“तरीच,” त्या म्हणाल्या आणि रस्त्याकडे तोंड केलं.

मी बसले. अकरा वाजले होते. आजवर मी उपास केलेत, बाळंतपणं केलीत, नणंदेचं लग्न एकटीनं उभं केलंय, पण त्या ओट्यावर गप्प बसण्याइतकं अवघड काही केलं नाही. दर दोन मिनिटांनी जिभेवर काहीतरी यायचं. येईल हो. मैत्रिणीकडे असेल. आजकालच्या मुली हुशार असतात. प्रत्येक वाक्य गिळताना कळत होतं, की ते त्यांच्यासाठी नाहीच. माझी छाती धडधडत होती आणि मला ती त्यांच्याकडून थांबवून हवी होती.

पहिली एसटी आली. दोन मास्तर आणि कोंबड्यांची पाटी उतरली. दुसरी आली, तिच्यातून पर्यटक उतरले. “भाभीजी, सनसेट पॉइंट किधर है?” त्यांनी त्या धुक्यात विचारलं. दोघींपैकी कुणीच बोललं नाही.

एकदा पंचफुलाबाई आपणहून म्हणाल्या, “लहानपनी लय बोलत जाय. रस्त्यानं जानाऱ्याले थांबवून सांगे.” मी हं म्हटलं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “तिले नर्सिंग नोको होतं. मीनंच घातलं.” मी हंसुद्धा म्हटलं नाही. त्या रडल्या. मला हात पुढे करावा की करू नये ते कळेना, म्हणून तो मांडीवरच राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. तीन वाजले. आत माझ्या वेळेला ऋतुजाची टेप चालू झाली असणार.

साडेचारची गाडी उशिरा आली. उतरणाऱ्यांत शेवटची एक बारीकशी मुलगी, पाठीवर सॅक, हातात बादली. होस्टेल सोडताना तिनं बादलीसुद्धा आणली होती. पंचफुलाबाई उठल्या. मुलगी जवळ आली. डोळे सुजलेले.

“मावशीकडे गेली होती अचलपूरले. तिनं पाठवलं,” ती म्हणाली. “मी नाई जात वापस.”

माझं तोंड उघडलं. खरं सांगते, सवयीनं आपोआप उघडलं. पंचफुलाबाईंनी लेकीवरची नजर न काढता माझ्याकडे एक बोट वर केलं. “तुमी बोलू नोका.”

मी मिटलं. मायलेकी आत गेल्या. मी बादली उचलली आणि मागून नेऊन ठेवली.

खाली उतरताना

पूनम होस्टेलला परत जाणार की नाही, ते मी निघेपर्यंत ठरलं नव्हतं. ती मॅडमशी दोनदा बोलली, दार लावून. काय बोलली ते मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. विचारलं नाही हे मी मुद्दाम लिहितेय, कारण भाईंदरमध्ये यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

शुक्रवारी धुकं उठलं आणि दरी दिसली. ती इतकी जवळ होती, की पाच दिवस आपण तिच्या काठावरून चपला फटफटवत फिरत होतो हे कळल्यावर मी चार पावलं मागे सरकले. बाजारात पितळी परातीतून रबडी विकत होते. हंसाबेनसाठी खवा घेतला. ऋतुजाची सही झाली होती. तिनं मला रबडी खाऊ घातली आणि स्वतः रडली. परीक्षेचं सगळं आत्ता सांगितलं. भीती परीक्षेची नव्हतीच. पास झाली तर घर सोडून जावं लागेल आणि आजारी वडिलांजवळ कुणी राहणार नाही, ही होती. हे मंगळवारी त्या “पण काकू…” नंतर येणार होतं.

शेवटच्या सकाळी मॅडमनी माझा फॉर्म हातात घेतला. मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. माणसाची आशा फार निर्लज्ज असते. एवढं होऊनही मला वाटत होतं, की खरं बोलले, दिवसभर गप्प बसले, याचं काहीतरी मिळेल.

त्यांनी चौकोन रिकामा ठेवला. मागच्या बाजूला लिहिलं, ‘जानेवारीच्या शिबिरात पुन्हा.’

“प्रामाणिकपणाला सही नसते का मॅडम?” मी हसत विचारलं. हसू नीट जमलं नाही.

“नाही. पण तो नसता तर जानेवारीही नसता.” त्यांनी फॉर्म परत दिला. “परवा ओट्यावर तुम्हाला काय झालं, ते लिहून आणा येताना. तिला काय झालं ते नका लिहू. तुम्हाला काय झालं, ते.”

मी पन्नाशीची होऊन येईन, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

जीपमध्ये बॅगा चढल्या, तेव्हा पंचफुलाबाई दारात आल्या. हातात काही दिलं नाही, गळाभेट वगैरे झाली नाही.

“वापस येता का?”

“जानेवारीत.”

“या मंग. तवा थंडी लय रायते, दवाचा बरफ होते.” आणि आत वळता वळता, “सैपाकघरात आल्या त कांदे चिरजा. गोठी नोका सांगजा.”

भाईंदरला उतरले तेव्हा हे स्टेशनबाहेर रिक्षा धरून उभे होते. “झाली?” त्यांनी विचारलं. “नाही,” म्हटलं. त्यांनी बॅग घेतली आणि घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हंसाबेनना जिन्यात सांगितलं, गोडदेवच्या भाजीवालीला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, सही मिळाली नाही, पुन्हा जायचंय. वॉचमन म्हणाला, “कोई बात नहीं आंटी, ड्रायविंग में मैं भी तीन बार फेल हुआ.”

जानेवारीला अजून बराच वेळ आहे. स्वेटर आत्तापासून बाहेर काढून ठेवलाय. मॅडमनी सांगितलेलं लिहायला रोज बसते. एक वाक्य लिहून होतं: ‘मला भीती वाटत होती.’ त्याच्यापुढे लगेच काहीतरी धीराचं लिहावंसं वाटतं, म्हणून मग पेन खाली ठेवते.